पोळपाटावरचे दोन काटे

सावद्यात मी एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द मी चारचौघांत एकदाच उच्चारले. मुख्याध्यापकांपुढे कधी नाही, बायकोपुढे तर प्रश्नच नाही. ज्या बाईमुळे उच्चारावे लागले ती सातवी पास होती, आणि तिचं नाव बेबाबाई.

बेबाबाई म्हणजे चुडामण मिस्तरींची बायको. जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करणारे चुडामण मिस्तरी एकोणीसशे सत्तरच्या आसपास पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होते. मात्र एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. मिस्तरी मोटर उघडायचे, जळकी तार छिनून काढायचे, नवी कॉइल खाचांमध्ये बसवायचे, व्हार्निश द्यायचे. पण कॉइल गुंडाळायची ती बेबाबाई. ओसरीवर लाकडी साचा, त्याला फिरवायचा दांडा, शेजारी तांब्याच्या तारेचं रीळ आणि मांडीजवळ चिंचोक्यांची वाटी. पाच हॉर्सच्या मोटरीला एका कॉइलचे बेचाळीस वेढे. दर दहा वेढ्यांना एक चिंचोका बाजूला जायचा. ती मोजत असताना घरात कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्या घरचा कायदा होता. मी एकदा ‘मिस्तरी आहेत का?’ म्हणून हाक मारली, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घालून परत निघालो.

ती धुळ्याच्या पलीकडची, पांझरेकाठची. तिचे वडील गावच्या फडावर पाटकरी होते. फड म्हणजे काय ते आमच्या पूर्व खानदेशात कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि त्या एका पाटावर साऱ्या गावाची शेती. पाणी कुणाच्या वावरात कधी आणि किती सोडायचं हे पाटकरी आणि त्याच्या हाताखालची माणसं ठरवत. वावराचा मालक कितीही मोठा असो, पाण्याच्या तोंडाला त्याने हात लावायचा नाही. बेबाबाई लहानपणी वडिलांना भाकरी घेऊन पाटावर जायची आणि तिथेच रमायची. तिचं बोलणं अखेरपर्यंत तिकडचंच राहिलं. सावद्यात येऊन वीस वर्षं झाली तरी ‘आहे’ला ती ‘शे’च म्हणायची, आणि आमच्या पोरी तिची नक्कल करायच्या.

तर झालं असं की वडाच्या शिवारात लाइन आली. केळीवाल्यांनी डिझेलची इंजिनं विकून टाकली आणि विजेच्या मोटरी बसवल्या. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आधी सहा मोटरी, मग नऊ, मग चौदा. पहिली दोन वर्षं मजेत गेली. एकाहत्तरच्या फाल्गुनापासून मात्र मोटरी पटापट जळायला लागल्या, आणि जळायच्या त्या लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या. सगळ्यात शेवटचं वावर छगन नानांचं. नानांची मोटर महिन्याभरात दोनदा जळली, आणि दोन्ही वेळा वाइंडिंग मिस्तरींचंच होतं.

छगन नाना म्हणजे पाच हजार केळीचा धनी, तोंडाचा फाटका. उन्हाळ्यात आठ दिवस पाणी चुकलं तर केळीचं काय होतं ते त्यांना विचारावं. ते तावातावाने सुभाषचंद शेठच्या दुकानात आले. सुभाषचंद शेठ पंप आणि मोटरींचे व्यापारी. दुरुस्तीला येणारी प्रत्येक मोटर ते मिस्तरींकडे पाठवत, म्हणजे मिस्तरींची चूल शेठच्या शब्दावर चालायची. मी तिथे सायकलच्या पंपाचा वायसर घ्यायला गेलो होतो.

“तो मिस्तरी तांबं खाते,” नाना म्हणाले. “वेढे कमी घालते, मंग मोटर जयते. दुसरं काय?”

शेठ म्हणाले, “नाना, तिकडे व्होल्टेज फार कमी येतं म्हणे. त्याने तर नाही ना जळत?” आणि माझ्याकडे वळून, “मास्टरजी, आपण सांगा. कमी व्होल्टेजने मोटर जळते का?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुकानात आठ-दहा माणसं, समोर फळा, आणि फळ्याच्या कडेला खडू. एवढं सगळं समोर असताना शिक्षक गप्प बसेल तर शपथ. शेठ ज्या फळ्यावर रोजचे भाव लिहीत त्याच्या कोपऱ्यात मी ओहमचा नियम लिहिला. व्होल्टेज म्हणजे विजेचा जोर, करंट म्हणजे तारेतून वाहणारी वीज. जोर निम्मा केला तर करंट निम्मा. करंट कमी तर उष्णता कमी. म्हणजे कमी व्होल्टेजवर मोटर उलट थंड राहायला पाहिजे. “तेव्हा दोष असेल तर वाइंडिंगमध्येच असणार,” मी म्हणालो आणि हाताची खडूची भुकटी झटकली.

माझ्या त्या एका वाक्याने चुडामण मिस्तरींची वीस वर्षांची पत गेली. शेठ सरळ माणूस. त्यांनी निरोप पाठवला, “आखाजीपर्यंत पाहतो. तोवर ह्या मोटरींचं कारण सापडलं नाही, तर पुढची सगळी कामं भुसावळला पाठवीन.” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोवीस दिवस होते.

तिसऱ्या वाइंडिंगच्या वेळी नाना स्वतः ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, वेढे मीच मोजणार. त्यांनी बेबाबाईच्या मांडीजवळची चिंचोक्यांची वाटी उचलून स्वतःपुढे घेतली आणि दोन दिवस एकेक वेढा मोठ्याने मोजला. बेबाबाई खाली मान घालून दांडा फिरवत राहिली. मिस्तरींना ते पाहवलं नाही. ते दोन्ही दिवस मागच्या दारी निंबाखाली बसून होते आणि जेवायलाही आत आले नाहीत. मला हे दोन दिवसांनी कळलं, पण मी ‘शास्त्र ते शास्त्र’ म्हणून स्वतःची समजूत घातली.

नानांनी स्वतः मोजलेली ती मोटर अकराव्या दिवशी जळली. मिस्तरींनी ती वावरातच उघडली आणि तीन जळक्या कॉइली छिनून काढून घरी आणल्या.

नाना म्हणाले, तारच हलकी असेल. ती मोटर त्यांनी पंपघराच्या कोपऱ्यात ढकलली आणि शेठकडून कोरी करकरीत कंपनीची मोटर आणून बसवली. सगळ्यांनी तेवढंच ऐकलं. बेबाबाईने मात्र त्यातून वेगळंच काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी. पिशवीतून तिने काळ्याठिक्कर पडलेल्या तीन कॉइली काढून टेबलावर ठेवल्या.

“मास्तर, हाई मोटर नानांनी सोता मोजेल शे. मंग आते चोर कोन?”

मी म्हणालो, “वहिनी, तार—”

“तार दखा.” तिने कॉइली माझ्यापुढे सरकवल्या. तार हलकी असती, किंवा एखाद्या ठिकाणी तिच्यावरचं इनॅमलचं आवरण सोललं असतं, तर मोटर तिथे एका जागी जळते, बाकीची लाल राहते. ही सगळीकडून सारखी जळली होती, तिन्ही फेजच्या कॉइली एकाच रंगाच्या. भाजी करपते तशी नाही, सगळा स्वयंपाकच चुलीवर विसरल्यासारखी. एवढं बोलून तिने तो प्रश्न विचारला.

“तुम्ही करंट मोजेल शे का, मास्तर?”

मी मोजला नव्हता. फळ्यावर लिहिला होता. मोजला नव्हता. बी.एस्सी.ची पदवी भिंतीवर टांगलेली, आणि हा प्रश्न मला कुणी विचारावा तर या बाईने! मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. लाज अजून थोडी शिल्लक आहे.

त्या संध्याकाळी शाळेचे मीटर घेऊन मी त्यांच्या ओसरीवर गेलो. आधी तिला मीटर कसे जोडायचे ते समजावलं. व्होल्टमीटर दोन तारांमध्ये आडवा जोडायचा, कारण तो दोन ठिकाणच्या जोरातला फरक सांगतो. अॅमीटर मात्र तार तोडून मध्ये घालायचा, कारण सगळा करंट त्याच्या अंगातून गेला तरच तो मोजणार. आणि चुकूनही अॅमीटर आडवा जोडायचा नाही, नाहीतर भडका. ती ऐकत होती. म्हणाली, म्हणजे एक जण काठावर उभा राहून पाणी पाहतो आणि दुसऱ्याला पाण्यात उतरावं लागतं. हे मला एकतीस वर्षांत इतकं सोपं सांगता आलेलं नाही.

मग मी त्यांच्या विजेच्या शेगडीच्या तारेत शाळेचा अॅमीटर जोडला आणि खटका दाबला. शेगडी लाल झाली. सुई शून्यावर नुसती थरथरत उभी. मी काचेवर टिचकी मारली, तारा हलवून पाहिल्या, फुंकर मारली. सुई थरथरत उभीच.

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले चुडामण मिस्तरी त्या फळ्याच्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते आता बोलले, “मास्तर, तो डीसीचा हाये. घरातली वीज एसी. तो काय दाखोल?”

खरं होतं. शाळेत आम्ही बॅटरीवर प्रयोग करायचो, आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा मीटर मी दर क्षणी दिशा बदलणाऱ्या विजेला लावला होता. दहावीच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मिस्तरी उठले, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून दोन मोठे गोल मीटर काढले. मोडीत निघालेल्या एका तेलाच्या घाण्याच्या बोर्डावरचे ते एसीचे मीटर. पाचशे व्होल्टपर्यंतचा एक, वीस अँपिअरपर्यंतचा दुसरा. दहा वर्षं पेटीत पडून होते. “काहून नाही वापरले?” मी विचारलं. ते म्हणाले, टेस्टिंगला बल्ब पुरतो आणि बाकीचं हाताला कळतं. म्हणजे त्यांचा हातावर विश्वास, माझा पुस्तकावर, आणि मोजलं दोघांनीही नव्हतं.

मीटर बसवायला फळी हवी होती. बेबाबाई आत गेली आणि जुना पोळपाट घेऊन आली. त्याला तीन पाय, म्हणून खाली तारा जायला जागा. मिस्तरींनी भोकं पाडून दोन्ही मीटर त्यावर शेजारी शेजारी बसवले. आत पोळ्या लाटायच्या खोळंबल्या होत्या, त्या दिवशी सगळ्यांनी ताटावर थापलेल्या भाकरी खाल्ल्या.

शेगडीवर दोन दिवस मोजलं. दुपारी व्होल्टेज दोनशे पंचवीस, करंट सव्वाचार अँपिअर. हजार वॉटच्या शेगडीला तेवढाच यायला हवा, म्हणजे मीटर खरं बोलत होते. दिवेलागणीला व्होल्टेज एकशे ऐंशीवर उतरलं. करंट किती? तीन पूर्णांक चार. म्हणजे जोर कमी, करंटही कमी. माझा ओहम बरोबर!

“पाहिलंत?” मी म्हणालो. माझ्या आवाजात आनंद होता, तो मला लपवता आला नाही. मिस्तरी पुन्हा भिंतीला टेकले. म्हणाले, “जाऊ दे. भुसावळला एखाद्या कारखान्यात चाकरी पाहतो.” त्यांच्या त्या वाक्यानंतर माझा आनंद कुठल्या कुठे गेला. आखाजीला पाच दिवस उरले होते.

बेबाबाई शेगडीकडे पाहत बसली होती. ती म्हणाली, “हाई शेगडी शे, मास्तर. मोटर नही.”

“वीज तीच, तार तीच,” मी म्हणालो.

“शेगडीले काय काम? बसी राहानं नि तपानं. मोटरले तर हिरमाईन पानी उपसनं शे.” हिर म्हणजे विहीर. “आपुन मोटरवरच मोजूत.”

छगन नानांनी वावरात पाऊल ठेवू दिलं नसतं, पण सुभाषचंद शेठ स्वतः बरोबर आले. कोऱ्या मोटरीची हमी त्यांच्या अंगावर होती, त्यांनाही धाकधूक. आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो. नानांचं पंपघर म्हणजे विहिरीच्या काठावर चार पत्रे. मिस्तरींनी फ्यूज उघडला तर आत नेहमीच्या बारीक तारेऐवजी चार पदरी जाड तार.

“बारीक तार रोज वितयते,” नाना म्हणाले, “म्हनून जाड घातली.”

मिस्तरींनी कपाळाला हात लावला. ती तार वितळून रोज सांगत होती की करंट जास्त होतोय, आणि नानांनी तिचं तोंडच बंद केलं होतं. मग मिस्तरींनी तीन तारांपैकी एकीत अॅमीटर घातला, दोन तारांमध्ये व्होल्टमीटर लावला, आणि पोळपाट खुंटीला टांगला.

मोटर सुरू केली. शिवारात अजून कुणी आलं नव्हतं. व्होल्टमीटर तीनशे ऐंशी, अॅमीटर साडेसात. कंपनीच्या पट्टीवरही साडेसातच लिहिलेलं. पाणी पाइपभर, केळीच्या सऱ्या भरत होत्या. मी हात मोटरीवर ठेवला, कोमट होती.

“काही बिघाड नाही,” शेठ म्हणाले.

“आठची पॅसेंजर येऊ द्या,” बेबाबाई म्हणाली.

आमच्याकडे कुणी घड्याळ पाहत नसे. आठच्या पॅसेंजरची शिट्टी झाली की वडाच्या शिवारातला प्रत्येक जण आपापला स्टार्टर ओढायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पडलेली सवय होती. त्या दिवशीही शिट्टी झाली. पलीकडून एक खटका ऐकू आला, मग दुसरा, मग एकामागून एक.

पोळपाटावरचे दोन काटे चालायला लागले. व्होल्टमीटरचा काटा खाली आला, तीनशे चाळीस. आणि अॅमीटरचा काटा? मी डोळे चोळले. तो वर चढला, साडेआठ. तीनशे दहा झालं, तर दुसरा दहावर. दोनशे पंच्याऐंशीला पहिला काटा टेकला तेव्हा दुसरा पावणेबारावर होता. एक उतरत होता तसा दुसरा चढत होता. मोटरीचा आवाज भरडा झाला, पाण्याची धार निम्म्यावर आली.

“मास्तर, हात लाई दखा,” ती म्हणाली.

मी हात लावला आणि झटकन काढला. कोरी मोटर, मिस्तरींनी जिला बोटही लावलं नव्हतं, ती तापून रसरसत होती. अजून तासभर चालली असती तर जळली असती. मिस्तरींनी खटका ओढून ती बंद केली.

सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण समजावून सांगायचं काम माझं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडत होता. शेगडी ही नुसती तार आहे, तिला दिला तेवढाच जोर ती घेते. मोटरीपुढे ओझं आहे. विहिरीतून पाणी उचलायचं तर तेवढं काम व्हायलाच हवं. विजेचा जोर कमी पडला की मोटर मंदावते, आणि मंदावली की ते काम ओढून न्यायला लाइनीतून जास्त करंट घेते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. ओहम खोटा नव्हता. मी त्याला नको तिथे नेऊन बसवला होता. कॉलेजात हे शिकवलं होतं, मी पाठ करून परीक्षेत लिहिलंही होतं, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो होतो.

नाना इतका वेळ काट्यांकडे पाहत होते. ते मान खाली घालून बाहेर गेले आणि सरीतल्या पाण्यात पाय घालून उभे राहिले.

त्याच संध्याकाळी मी शेठच्या दुकानात गेलो. वडाच्या शिवारातले सगळे मोटरवाले शेठनी बोलावून घेतले होते. फळ्याच्या कोपऱ्यात माझं गणित अजून होतं, शेठनी ते पुसलं नव्हतं, ‘मास्टरजींचं अक्षर’ म्हणून. मी खिशातला रुमाल काढला, ते पुसलं आणि त्या जागी सकाळचे आकडे लिहिले, व्होल्टेज एका बाजूला, करंट दुसऱ्या बाजूला. आणि म्हणालो, “माझं चुकलं. मिस्तरींच्या वाइंडिंगमध्ये दोष नाही. मी न मोजता बोललो.” मिस्तरी मागे उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले.

मला वाटलं, झालं, आता पेढे वाटा. पण बेबाबाई दारातून म्हणाली, “आमना दोष नही ते झायं. पन मोटरी तर जयतीलच ना?”

नव्या डीपीसाठी अर्ज करता आला असता, आणि आम्ही केलाही. पण अर्जाने उद्याचं पाणी मिळत नाही. तिने तिच्या माहेरचं सांगितलं. “आमना गावमा बठ्ठासनी एकाच टायमाले पाटाची तोंडं उघडली तर शेवटना वावरले पानी कसं जाई?” बठ्ठा म्हणजे सगळे. म्हणून पाळी. आधी शेवटच्यांची, मग मधल्यांची, मग पाटाजवळच्यांची. आणि वावरवाल्याने तोंडाला हात लावायचा नाही.

“वीज काय नदी हाये का?” कुणीतरी विचारलं.

“नही,” ती म्हणाली. “नदी आटनी तर दखास. हाई दखास नही, म्हनीसन मीटर लावा.”

कुरकूर खूप झाली. आपली मोटर, आपली विहीर आणि आपणच हात लावायचा नाही, हे केळीवाल्यांच्या पचनी पडणं अवघड. डीपीजवळ ज्याचं वावर होतं तो म्हणाला, माझी मोटर तर कधी जळत नाही, मी काय म्हणून पाळी लावू? त्याला छगन नानांनीच गप्प केलं. “आज माही जयते, उद्या अजून दहा मोटरी बसल्या की तुही जयल,” ते म्हणाले. मग प्रश्न आला की स्टार्टरांच्या किल्ल्या कुणाकडे. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव कापत होता. शेवटी तेरसिंगवर एकमत झालं. तेरसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, वडाच्या शिवारात केळीची राखण करायचा. त्याला ना वावर, ना विहीर, ना मोटर. पक्षपात करायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. शेठनी त्याला घड्याळ दिलं. ते त्याने फडक्यात बांधून ठेवलं आणि उन्हाकडे पाहूनच पाळ्या बदलल्या. मी आठवडाभर माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, पाच मिनिटांच्या वर फरक कधी सापडला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिली पाळी लागली. शेवटच्या पाच मोटरी आधी. आठची पॅसेंजर शिट्टी मारून निघून गेली आणि शिवारात एकही नवा खटका पडला नाही. नानांच्या पंपघरात पोळपाट खुंटीला होता. पहिला काटा तीनशे पासष्ट, दुसरा पावणेआठ. आम्ही तासभर उभे राहिलो. काटे हलले नाहीत. मोटरीवर मी हात ठेवला, शेठनी ठेवला, मिस्तरींनी ठेवला, आणि कुणालाही काढावा लागला नाही. मोटर चालायचे तास कमी झाले खरे, पण पूर्वी दिवसभर मुतऱ्या धारेने जे भिजत नव्हतं ते आता चार तासांत भिजायला लागलं.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जाऊन झोके घेतात, पण बेबाबाई त्या वर्षी गेली नव्हती, झोका तिने सावद्यातच बांधला. दोन वर्षांनी नवा डीपी आला, तरी वडाच्या शिवाराने पाळी सोडली नाही. तिने पुढे गावोगाव तो पोळपाट घेऊन जायला सुरुवात केली, पार पहूरपर्यंत. कुणाची मोटर जळाली की मिस्तरी ती उघडायच्या आधी बेबाबाई वावरात जाऊन मोजून यायची. मी दर वर्षी दहावीच्या पोरांना तिच्या ओसरीवर न्यायचो. सगळ्यात आधी शेगडी दाखवायची, मग मोटर, आणि मध्ये माझी फजिती.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो आखाजीनंतरचा सोमवार. मी ओसरीवर शाळेचे मीटर परत न्यायला गेलो होतो. दारात बैलगाडी थांबली. पंपघराच्या कोपऱ्यात टाकलेली ती तिसऱ्यांदा जळालेली मोटर घेऊन छगन नाना आले होते. राखीव ठेवायला एक चालू मोटर हवी म्हणाले. बरोबर त्यांचे दोन भाऊबंद, मोठमोठ्याने केळीच्या भावावर वाद घालत.

मिस्तरींनी मोटर उघडली, साफ केली. दुपारी बेबाबाई साच्यापुढे बसली. दांड्याला हात घालायच्या आधी तिने काही न बोलता चिंचोक्यांची वाटी उचलली आणि नानांपुढे सरकवली.

नानांनी वाटीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ती परत तिच्या मांडीजवळ नेऊन ठेवली.

“तुमी मोजा, अक्का,” ते म्हणाले.

भाऊबंदांचं अजून चाललंच होतं. नाना त्यांच्याकडे वळले आणि दबक्या आवाजात खेकसले, “गप बसा रे! तिले मोजू द्या.”

ओसरी शांत झाली. बेबाबाईने दांडा फिरवला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली. दहा झाले तेव्हा तिने पहिला चिंचोका बाजूला ठेवला.